हिरव्या फाटकाचा पत्ता

माझ्या सासूबाईंनी रक्तदाबाची गोळी बंद केली आहे, ही बातमी आमच्या गल्लीत सगळ्यांत शेवटी मला कळली. न्हाव्याला ठाऊक होती, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला ठाऊक होती, दर गुरुवारी अंडी घेऊन येते त्या बाईलाही ठाऊक होती. नगरपालिकेच्या दाखले विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली नोंद अशी शेवटी मिळावी, यापरता दुसरा अपमान नाही. आणि मिळाली तीसुद्धा कुठे, तर बटणांच्या डब्यात. शर्टाचं बटण तुटलं म्हणून मी डबा उघडला, तर आत तीस-चाळीस पांढरीशुभ्र बटणं, एकाच मापाची, आणि एकालाही भोक नाही. मी दोन मिनिटं सुईदोरा घेऊन तसाच बसलो होतो. मग उजेड पडला.

"डोन्या रोसेंदा, हे काय आहे?" मी डबा त्यांच्यापुढे धरला. आमच्याकडे थोरामोठ्यांना डोन आणि डोन्या म्हणतात, सासूलाही.

सासूबाई तव्यावरची मक्याची टोर्टिया बोटांनी उलटत होत्या. वय एक्क्याऐंशी, पण उलथनं वापरायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. "गोळ्या आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "फेकवत नाहीत. सरकारने दिलेली वस्तू आहे."

"पण घेत का नाही तुम्ही?"

"त्यांनी मूत्रपिंडं वाळतात. ओदिलियाच्या फोनमध्ये डॉक्टर बोलला तसं."

ओदिलियाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा तिकडे उत्तरेला परदेशात. त्याने दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या कोणाबरोबर त्यांना फोन पाठवला आणि तेव्हापासून आमच्या गल्लीचं आरोग्यखातं त्यांच्याकडे गेलं. दुपारी तीनला आमच्याकडे कॉफी उकळली की त्या फोन हातभर लांब धरून दारात हजर. रोज नवा निरोप, रोज नवा डॉक्टर. कालच्याने केळं वर्ज्य सांगितलं असेल तर आजचा केळं सालीसकट खायला सांगतो. मूत्रपिंडवाला डॉक्टर मीही ऐकला. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, आणि बोलता बोलता दोनदा खोकतो. स्वतःचा खोकला ज्याला आवरत नाही त्याने माझ्या सासूची मूत्रपिंडं सांभाळायची, हे काही माझ्या गळी उतरलं नाही. पण सासूबाईंच्या उतरलं होतं. गोळीऐवजी त्या लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा पीत होत्या, दिवसातून तीनदा, आणि पानं अर्थातच ओदिलियाबाईंच्या परसातली.

मी म्हणतो, पिऊ देत बापड्या काढा. मी काही भांडखोर माणूस नाही. पण त्याच आठवड्यात मंगळवारी सासूबाई धुण्याच्या मोरीपाशी उभ्या होत्या आणि उभ्या उभ्याच एका बाजूला कलल्या. मी योगायोगाने बादली घ्यायला मागे आलो होतो म्हणून धरल्या. एवढीशी बाई, हातांत काही वजनच लागलं नाही. या बाईंशी मी पस्तीस वर्षं भांडत आलोय, आणि आणखी बरीच वर्षं भांडायचा माझा बेत आहे. तो बेत असा मोरीपाशी संपलेला मला चालणार नव्हता.

गावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई किरोस यांनी पट्टा आवळला. वरचा आकडा एकशे चौऱ्याऐंशी.

"गोळी बंद करायची नाही, डोन्या रोसेंदा," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडं वाळतात ती रक्तदाब वाढल्याने, गोळीने नाही. आणि पुढच्या वेळी धरायला मागे कोणी असेलच असं नाही."

सासूबाईंनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. घरी येऊन खुर्चीत टेकल्यावर त्या म्हणाल्या, "पोर गोड आहे. पण पोर आहे. ओदिलियाचा डॉक्टर आवाजावरून साठीचा वाटतो."

"पण ही समोर बसून सांगतेय. तो कोण, कुठला, काही पत्ता आहे का?"

"मग तू पत्ता असलेला आण. राजधानीतल्या मोठ्या डॉक्टरांचा कागद आण. सही असलेला, शिक्का मारलेला. मग घेते गोळी."

"असा कागद नसतो, डोन्या रोसेंदा."

"का नसतो? मी जिवंत आहे, हे तुला दिसतं, मला दिसतं, पेन्शनच्या खिडकीतल्या त्या बाईला दिसतं. तरी दर वर्षी हयातीचा दाखला लागतोच ना? तूच आणून देतोस. मी जिवंत आहे याला कागद लागतो, तर गोळी चांगली आहे याला नको?"

मी एकतीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो होतो. कागद आणा, शिक्का आणा, मग बोलू. आता माझीच खिडकी माझ्यावर उलटली होती. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटला, कारण दाखला मिळवणं या विषयात गावात माझा हात धरणारा कोणी नाही.

कामाला लागलो. मुलीचा जुना संगणक जेवणाच्या टेबलावर मांडला आणि विचारलं, रक्तदाबाची गोळी चांगली की वाईट. जगाने उत्तर द्यायला क्षणाचाही वेळ लावला नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती. पहिला निघाला समुद्रकिनाऱ्यावर उघडाबंब बसलेला एक तरुण, हातात लसणाचा गड्डा. दुसऱ्याच्या पाठीमागे भिंतीवर चार पदव्या टांगलेल्या, पुढ्यात पुड्या विकायला ठेवलेल्या, आणि खाली लाल अक्षरांत 'सवलत फक्त आजच'. ती सवलत मी आठ दिवस रोज पाहिली. रोज ती फक्त आजचीच होती.

मी काहीतरी शोधतोय म्हटल्यावर गल्लीने हातभार लावला. न्हावी चेपे वस्तरा माझ्या गळ्याशी धरून म्हणाला, "जे सगळ्यांत वर येतं ते खरं, डोन एवेलिओ. खोटं असतं तर वर कसं आलं असतं?" त्या अवस्थेत मी त्याच्याशी सहमत झालो. किराणावाल्याचं मत पडलं की ज्याला जास्त लोकांनी पसंतीचा अंगठा दिलाय ते धरावं. अंडीवाली म्हणाली, तिच्या कोंबड्यांना कधी रक्तदाब झाला नाही. सगळ्यांत निरुपयोगी सल्ला माझ्या बायकोने, मारिएलोसने दिला.

"डॉक्टरीणबाईंना विचार की," ती म्हणाली.

"विचारून झालं."

"मग ऐक की."

"मी ऐकलंय. तुझी आई ऐकत नाही. आणि जाता येता फाटकाचं नको बोलूस, मी कामात आहे."

कारण तिने तोंड उघडलंच होतं. फाटकाचा हिरवा रंग पोपडे धरून निघत होता आणि तो नव्याने दे म्हणून ती दोन वर्षं माझ्या मागे लागली होती. या गोष्टीत फाटकाचा काही संबंध आहे असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

शेवटी सापडली बरं का ती जागा. राजधानीतली राष्ट्रीय हृदयसंस्था. तिच्या पानावर कोणी उघडंबंब नव्हतं आणि कोणी काही विकत नव्हतं, त्यामुळे ते दिसायला अगदीच कंटाळवाणं होतं, नगरपालिकेच्या सूचनाफलकासारखं. मला ते पाहताक्षणीच आवडलं. रक्तदाबाच्या गोळ्यांवर चार पानं, खाली लिहिणाऱ्या डॉक्टरांची नावं, तारीख, सगळं. मी मायनोरच्या छपाईच्या दुकानातून ती छापून आणली आणि विजयी मुद्रेने सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, बोटाने घासला. "शिक्का?"

"हे छापील आहे. यावर संस्थेचं चिन्ह आहे ना, हे बघा."

"हे मायनोरकडे छापलंय. मागच्या महिन्यात डुकराच्या सोडतीची तिकिटं त्याने याच कागदावर छापली होती. मला डुक्कर लागलं नाही."

तेव्हा मी प्रेतयात्रेला घालायचा कोट चढवला, सासूबाईंनी दिलेला टोर्टियांचा डबा घेतला आणि सकाळच्या बसने राजधानीला गेलो.

हृदयसंस्थेच्या खिडकीत यामिलेथ नावाची मुलगी होती. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बटणांपासून. खिडकीच्या आतल्या बाजूला इतकी वर्षं बसलेला असल्यामुळे मला अशी शांतता लगेच ओळखू येते. माणूस 'नाही' म्हणायच्या आधी ती पाळतो.

"माहितीवर शिक्का नसतो, डोन एवेलिओ. माहिती सगळ्यांना फुकट आहे."

"म्हणून तर कोणी विश्वास ठेवत नाही."

ती हसली. "सासूबाईंना एवढंच सांगा. कोणीही तब्येतीचं काही सांगायला आलं की तीन गोष्टी विचारायच्या. सांगतंय कोण, सांगितलं कधी, आणि सांगून विकायचं काय आहे. निम्मी बडबड तिथेच गळते."

"तीन प्रश्नांवर शिक्का मारून देता का?"

"दाखला फक्त एका गोष्टीचा देता येईल. तुम्ही आज इथे आला होतात याचा. लोकांना रजेसाठी लागतो."

मी निवृत्त आहे. मला आता रजा द्यायची तर ती मारिएलोसने द्यायची, आणि ती शिक्का मानत नाही. पण शिक्का दिसल्यावर सोडवेना. मी तो दाखला घेतला. जांभळा गोल शिक्का, मध्ये हृदय, खाली सही, एक नंबर काम.

"आणि छापील पुस्तिका हवी असेल तर पोस्टाने येते," यामिलेथ म्हणाली. "संचालकांचं सही-शिक्क्याचं पत्रही असतं सोबत. हा फॉर्म भरा."

ज्याच्यासाठी मी कोट घालून आलो होतो ते असं जाता जाता मिळालं. नाव लिहायला लागलो तर ती म्हणाली, नाव नको, पाकीट 'कुटुंबास' असं जातं, म्हणजे घरातलं कोणीही उघडतं. फक्त पत्ता लिहा.

पत्त्याच्या चौकटी चाळीस. आमचा पत्ता चाळीस चौकटींत बसवणं म्हणजे आमच्या सगळ्या गल्लीला एका खाटेवर झोपवणं. मी तिला तोंडी सांगितला. जुन्या थिएटरपासून शंभर मीटर उत्तरेला, मग पंचवीस पूर्वेला, हिरव्या फाटकाचं घर.

"थिएटर अजून आहे का?" तिने लिहिता लिहिता विचारलं.

"नाही. जळालं. मी तेव्हा तरुण होतो."

"मग पोस्टमनला कसं कळणार?"

"ते कुठे नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे."

"रस्त्याला नाव असेल ना?"

रस्त्याला नाव होतं. तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेने गावभर पाट्या लावल्या, त्या ठरावाची नक्कल माझ्याच हाताने केली होती. पण आमच्या रस्त्याचं नाव काय ते काही केल्या मला आठवलं नाही. शेवटी तिने बारीक अक्षरांत सगळं कोंबलं. चाळिसाव्या चौकटीपर्यंत येता येता 'हिरवं फाटक' हे दोन शब्द मात्र चांगले ठळक बसले.

घरी येऊन मी दाखला सासूबाईंना दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. "शिक्का झकास आहे. लिहिलंय काय?"

मारिएलोसने वाचून दाखवलं.

"म्हणजे एवेलिओ आला होता. हे मीपण सांगितलं असतं. डबा मीच दिला होता." पण कागद त्यांनी टाकला नाही. घडी घालून आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. शिक्का तो शिक्का.

मग मी पाकिटाची वाट पाहू लागलो. वाट पाहणारा पुरुष घरात दिसला की बायकांना बघवत नाही. ईस्टरचा पवित्र सप्ताह तोंडावर आलेला, पाहुणे यायचे, चिवेरे भोपळ्याचा मुरांबा शिजायचा, आणि मी व्हरांड्यात बसून रस्त्याकडे डोळे लावून. "तिथे बसलाच आहेस तर फाटक तुझ्यासमोरच आहे," मारिएलोस म्हणाली. या वाक्याला कायद्यात तोड नाही. रंगाच्या दुकानात हिरवा संपला होता, निळा होता. मी निळा आणला आणि अर्ध्या दिवसात फाटक निळं केलं. चांगलं झालं होतं. येणारे-जाणारे थांबून बघत होते.

ओदिलियाबाईही आल्या. त्यांचं फाटक म्हणजे नुसता गंज. "घरातला हिरवा उरलाय ना रे तुझा? टाकणार आहेस का?"

जुना अर्धा डबा होता. मी काही कोत्या मनाचा नाही. डबा तर दिलाच, वर ब्रश घेऊन त्यांचं फाटकही मीच रंगवून दिलं. दोन हात दिले. त्या तेवढा वेळ बाजूला उभ्या राहून मला फोनमधून यकृताविषयी ऐकवत होत्या.

लेखनिक म्हणून माझ्या सबंध कारकिर्दीत मी एकही चुकीचा पत्ता लिहिलेला नाही. म्हणून हे इथे कबूल करताना मला किती जड जातंय, ते वाचकांनी समजून घ्यावं.

पाकीट येईना. पवित्र सप्ताह गेला, पाहुणे मुरांबा संपवून गेले. सासूबाईंचा काढा चालूच. दर शुक्रवारी मी त्यांना दवाखान्यात नेत होतो आणि पट्ट्याचा आकडा एकशे ऐंशीच्या खाली यायला तयार नव्हता. डॉक्टरीणबाई आता त्यांच्याशी कमी आणि माझ्याशी जास्त बोलायच्या, तेही दारापाशी, हळू आवाजात. मला भीती वाटत होती, सरळ भीती. सासूबाई मोरीकडे निघाल्या की मीही निघायचो. कधी बादली, कधी साबण, कधी माझा एखादा रुमाल धुवायचा राहिलेला. महिन्याभरात माझे रुमाल इतके स्वच्छ झाले की त्यांच्या आरपार दिसायला लागलं.

"हा जावई माझ्या मागे मागे का फिरतो गं?" त्यांनी एकदा मारिएलोसला विचारलं.

"त्याला धुण्याची आवड लागलीय, आई."

"चांगलं आहे. उशिरा का होईना."

शेवटी मी यामिलेथला फोन लावला. ती म्हणाली, पाकीट तर नऊ तारखेलाच गेलं, पण काळजी करू नका, पुन्हा पाठवते, त्याच पत्त्यावर. मी तिचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी तीनला कॉफी उकळली आणि ओदिलियाबाई आल्या. पण फोन दिसेना. डोळ्यांवर चष्मा, अंगात चर्चला जायचा झगा, आणि काखेत एक मोठं पाकीट. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"रोसेंदा," त्या म्हणाल्या, "काढा बंद. आजपासून गोळी."

सासूबाईंचा कप हवेतच राहिला. "का गं?"

"मला राजधानीतून पत्र आलंय. हृदयसंस्थेचं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, आधी सगळं तीनदा वाचून काढलं." त्यांनी पत्र उघडलं. "हे बघ काय लिहिलंय. 'आपल्या कुटुंबाच्या आरोग्यासाठी आपण विश्वासार्ह माहिती शोधत आहात, याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन.' अभिनंदन, रोसेंदा. अडुसष्ट वर्षांत माझं कोणी अभिनंदन केलं नव्हतं. लग्नातसुद्धा सगळ्यांनी नवऱ्याचंच केलं."

मी पाकीट पाहिलं. फॉर्मचीच पट्टी वर चिकटवलेली, यामिलेथचं बारीक अक्षर मला लगेच ओळखू आलं, आणि चौकटींच्या शेवटी ते ठळक 'हिरवं फाटक'. पोस्टमन वालेरियो नाताळानंतर बदलून आलेला. थिएटर कुठे नव्हतं, हे त्याला चार जणांना विचारावं लागलं होतं, पण फाटकाचा रंग त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता.

मी तोंड उघडलं. "ओदिलियाबाई, ते पाकीट..."

"थांब रे एवेलिओ, मध्ये बोलू नकोस, हे सरकारी आहे." त्यांनी पुस्तिका उघडली. "यात तीन प्रश्न दिलेत. सांगतंय कोण, सांगितलं कधी, विकायचं काय. मी फोनमधल्या सगळ्या डॉक्टरांना लावून पाहिले. एकजणही पास झाला नाही. तो मूत्रपिंडवाला तर पहिल्याच प्रश्नाला नापास."

सासूबाई पाच पावलं टाकून आपल्या खोलीत गेल्या आणि प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आल्या. त्यातून माझा दाखला काढला आणि पत्राशेजारी ठेवला. जांभळा गोल शिक्का, मध्ये हृदय. दोन्हीकडे. त्यांनी बोटाने एकाची कड फिरवली, मग दुसऱ्याची.

"तोच आहे," त्या म्हणाल्या. "सहीची शेपटीसुद्धा तीच. मारिएलोस, बटणांचा डबा नको, ताजी गोळी आण."

आणि त्यांनी घेतली. माझ्यासमोर, गुळाच्या पाण्याबरोबर, एका घोटात, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. तीन महिने मी ज्याच्यासाठी मायनोर, चेपे, बस, कोट आणि रुमाल सगळं सोसलं, ते अर्ध्या मिनिटात उरकलं. मारिएलोस माझ्याकडे बघत होती. तिच्या काय ते ध्यानात आलं होतं, कारण ती ओठ दाबून एकदा ओदिलियाबाईंच्या फाटकाकडे आणि एकदा आमच्या फाटकाकडे बघत होती. मी खोकलो आणि कॉफी घेतली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की पाकिटाचं राहूनच गेलं.

रागावलो तो संध्याकाळी. माझा फॉर्म, माझा पत्ता, माझा रंग, आणि अभिनंदन दुसरीचं. मी ठरवलं, उद्या जाऊन सौम्य शब्दांत वस्तुस्थिती नोंदवायची. पुढचे दोन आठवडे मी ती नोंदवायला रोज निघत होतो. पण ओदिलियाबाई आता वेगळ्याच तोऱ्यात असायच्या. पुस्तिकेला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं. किराणावाल्याला मिठाबद्दल फैलावर घेतलं, चेपेला त्याच्याच खुर्चीत बसवून तीन प्रश्न विचारले. मी एकदा त्यांना सर्दीवर आलं-लिंबू सुचवलं तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सांगतंय कोण?" "मी." "सांगितलं कधी?" "आत्ता." "मग लिहून दे, तपासून बघते." आणि सासूबाईंचा आकडा शुक्रवारी एकशे बावन्न आला, पुढच्या शुक्रवारी एकशे अडतीस. डॉक्टरीणबाईंनी मला दारापाशी बोलावलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी वालेरियो सायकल घेऊन आमच्या गल्लीत शिरला. मी निळ्या फाटकाशी उभा. ओदिलियाबाई आपल्या व्हरांड्यात, सासूबाई त्यांच्या शेजारी, दोघी मटारच्या शेंगा सोलत. वालेरियोच्या हातात मोठं पाकीट होतं. यामिलेथने शब्द पाळला होता. मी तिला 'आता नको' असं कळवायचं विसरलो होतो.

वालेरियो माझ्यापाशी थांबला. "डोन एवेलिओ, एक विचारू का? गल्लीत लोक म्हणतात की हिरवं फाटक आधी तुमचं होतं. मी मागचं पाकीट तिकडे दिलं. आता हे दुसरं आलंय. चुकलो नाही ना मी? कोणाचं आहे हे?"

तो मोठ्याने बोलतो. ओदिलियाबाईंचे हात शेंगेत थांबले. नऊ वर्षांत त्यांच्या दारी टपाल आलेलं मी पाहिलेलं नव्हतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. आज त्या गोळी घेतात ती ओदिलियाला पत्र आलं म्हणून घेतात. ते पत्र जावयाने मागवलेलं निघालं, तर उद्या पुन्हा बटणांचा डबा.

एकतीस वर्षांत मी खोटी नोंद केलेली नाही. ही पहिलीच.

"पत्त्यावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"हिरवं फाटक."

"मग मला काय विचारतोस? ते बघ हिरवं फाटक."

ओदिलियाबाई झगा झटकून लगबगीने पायऱ्या उतरल्या. पाकीट घेतलं, फोडलं, पत्राची पहिली ओळ वाचली. "पुन्हा अभिनंदन केलंय," त्या म्हणाल्या. "मी काही मागितलंही नव्हतं." मग कुंपणावरून माझ्याकडे वाकून मायेने म्हणाल्या, "एवेलिओ, तुला हवं असेल तर तुझंही नाव कळवते मी त्यांना. माझं ऐकतात ते."

"बघा जमलं तर," मी म्हणालो.

सासूबाई सोललेले मटार एप्रनमध्ये धरून आमच्या फाटकातून आत आल्या. माझ्यापाशी थांबल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "ही घरबसल्या काम करून मोकळी झाली. आणि तू राजधानीपर्यंत गेलास आणि काय आणलंस, तर गेल्याचा कागद."

"सकाळची गोळी घेतलीत का, डोन्या रोसेंदा?"

"घेतली की. केव्हाच."

त्या मोरीकडे गेल्या. मी मागे गेलो नाही. उभ्या राहिल्या, नळ सोडला, मटार धुतले, तालासुरात काहीतरी गुणगुणल्या. तेवढं मी इथूनच पाहिलं.

हल्ली मारिएलोस म्हणते की निळा रंग घराला शोभत नाही, फाटक पुन्हा हिरवं कर. दुकानात हिरवा मिळत नाही, असं मी तिला सांगून ठेवलंय. अजून बरीच वर्षं मिळणार नाही.